जाड बुडाचा पेला

बोपोडीच्या शाळेत मी दोन पेले घेऊन गेले होते,
एक बसका, एक उंच,
आणि बाटलीत पाणी, शाईचा थेंब टाकून निळं केलेलं.
एम.एड.च्या प्रबंधासाठी पन्नास मुलं हवी होती.
मुख्याध्यापिकाबाईंनी खिचडीच्या पातेल्यांशेजारची खोली दिली.
वरून मेट्रो गेली की खिडकीची काच बारीक कुरकुरायची
आणि पेल्यातलं निळं थरथरायचं.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं, कळेना.

सदतिसावी चैत्राली फडतरे. दुसरी ब.
पुढचा एक दात पडलेला, दुसरा पडू की नको करत होता.
तिच्यादेखत बसक्यातलं पाणी उंचात ओतलं.
आता सांग, जास्त झालं, कमी झालं, की तेवढंच?
तीनदा विचारायचं, एकाच आवाजात,
असं मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.
तिनं पाण्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग माझ्या पेनाकडे, बराच वेळ.
"जास्त," म्हणाली, उंचाकडे बोट करून.
का गं?
"उंच आहे ना."
मी खूण केली: संकल्पना अविकसित.
सगळ्यांना देत होते तसं तिलाही एक खोडरबर दिलं.
ते हुंगत हुंगत ती वर्गात गेली.

एप्रिलात एक सही राहिली म्हणून पुन्हा बोपोडी.
सिग्नलपलीकडे रसवंती,
चरकाला बांधलेले घुंगरू, हिरव्या जाळीची सावली,
आणि स्टुलावर उभी राहून बादलीत पेले विसळणारी चैत्राली.
नवा दात अर्धा आला होता, धारेला करवतीसारखा.
तिच्या वडिलांनी माझ्यासाठी एक उंच पेला उचलला.
"पप्पा, तो नको. शाळेतल्या बाई आहेत."
ते ओशाळं हसले
आणि उगाचच आल्याचा आणखी एक तुकडा उसात घालून चरक चालू केला.

ती पेला माझ्या डोळ्यांसमोर धरून सांगत होती,
"बूड बघा. जाड आहे. दिसतो मोठा, रस कमी बसतो."
घुंगरांच्या आवाजात मी विचारलं,
मग त्या दिवशी जास्त का म्हणालीस?
"तुमचं पाणी तर तेवढंच होतं."
मग?
"तेवढंच असतं तर तुम्ही विचारलं कशाला असतं?
तेही तीनदा?"
बादलीत हात घालून एक पेला काढला, उपडा घातला.
"आणि सगळी माणसं उंचच म्हणतात. आम्हाला माहितीये."

पन्नासची नोट दिली.
तिनं ती उन्हात धरून पाहिली, गल्ल्यात सारली,
आणि माझ्या तळव्यावर एकेक दहाची ठेवत गेली,
"रसाचे वीस. तीस, चाळीस, पन्नास."
हिची वजाबाकी कच्ची आहे, वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या,
हातचा घ्यायला विसरते.

प्रबंध आता बांधून झालाय,
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, तीन प्रती.
पान एकसष्ट, ओळ सदतीस.
ती ओळ बदलली असती तर टक्केवारी हलली असती,
टक्केवारी हलली असती तर आलेख,
आणि आलेख सरांना आवडला होता.
मी बदलली नाही.
तोंडी परीक्षेत कुणी विचारलंही नाही.

निघताना तिनं दोन पेले उचलले होते,
दोन्ही भरलेले, फेसाला फेस लागलेला,
आणि माझ्याच आवाजात, अगदी माझ्यासारखी मान वाकडी करून,
"आता सांगा बाई, कशात जास्त?"
म्हणून थांबली.
पेल्यांची बुडं तिच्या मुठीत होती.
मी रसाकडे पाहिलं नाही.
तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का,
ते शोधत राहिले.